इंजिन काळं का असतं?

'इंजिन काळं केलं की गार राहतं.' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतं. सांगणारा इतक्या खात्रीने सांगतो की आपण कारण विचारत नाही. शाळेतलं काहीतरी अर्धवट आठवतं: काळा रंग उष्णता शोषतो, म्हणून उन्हाळ्यात काळा शर्ट घालू नये. मग काळं इंजिन गार कसं? पण तोवर मेकॅनिक पुढच्या गाडीकडे वळलेला असतो.

मला हा प्रश्न सोडून देणं परवडणारं नव्हतं. माझ्या मामाकडे कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट आहे. कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटात, परतीच्या चढावर, ती दोनदा सीझ झाली होती. म्हणजे पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरमध्ये अडकला. उद्यमनगरात ऑइल पंप तपासला, बोअर मोजून घेतला. दोन्ही ठीक निघाले. तिसऱ्यांदा असं झालं तर गाडी विकायची, हे मामाने ठरवून टाकलं होतं. त्याआधीचा शेवटचा उपाय म्हणून त्याने मला सांगितलं, "काळाकुट्ट पेंट मार. गार राहतंय."

पेंट मारण्याआधी मी या वाक्याचा माग काढायला बसलो. तो शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेला.

आधी लोखंड होतं

मोटारसायकलचं इंजिन हवेनेच गार करायचं हे सुरुवातीला ठरलेलं नव्हतं. १८९४ साली जर्मनीत विक्रीला आलेल्या हिल्डेब्रांड अँड वोल्फम्युलर या गाडीचं इंजिन पाण्याने गार व्हायचं. पाण्याची टाकी म्हणजे मागच्या चाकावरचं मडगार्डच. कल्पना सुंदर होती, पण पाणी म्हणजे वजन, नळ्या आणि गळती.

पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये द दिओं-बुतों या कंपनीचं छोटं इंजिन तीनचाकी सायकलवर बसलं. ते मिनिटाला सुमारे दीड हजार फेरे घ्यायचं. त्या काळच्या मानाने हा वेग अफाट होता. त्याचं सिलिंडर ओतीव लोखंडाचं होतं आणि भोवती पातळ चकत्यांची चळत होती. याच त्या फिन्स. पाणी नाही, टाकी नाही. गाडी चालली की वारा लागतो आणि वाऱ्याने इंजिन गार होतं. युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी गाड्यांनी हे इंजिन विकत घेतलं किंवा सरळ उचललं. आजच्या बुलेटच्या ब्लॉकवरच्या फिन्स त्याच घराण्यातल्या.

आता ओतीव लोखंड पावसात ठेवून बघा. एका रात्रीत तांबूस होतं. इंजिनाचं लोखंड तर रोज तापतं, रोज निवतं, त्यावर चिखल उडतो, पाणी उडतं. त्याला काहीतरी लावणं भागच होतं. आणि त्या काळी लोखंडाला लावायचा टिकाऊ, स्वस्त लेप म्हणजे 'जपान ब्लॅक'. नावात जपान असलं तरी हा माल युरोपातलाच. जपानी लाखकामाची नक्कल करताना तो तयार झाला. नैसर्गिक डांबर आणि जवसाचं तेल एकत्र शिजवायचं, पातळ करून लोखंडावर चढवायचं आणि भट्टीत भाजायचं. तुमच्या आजीचं काळं चकचकीत शिलाई मशीन आठवा. तसल्या जुन्या मशिनांवर हाच लेप असायचा. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, त्यावरही याच जातीचा लेप होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा लेप काळा होता, कारण डांबर काळं असतं. त्या पाककृतीत लाल किंवा पिवळा रंग निघणं शक्यच नव्हतं. यंत्रांच्या लोखंडाला काळा रंग मिळाला तो गंजाच्या भीतीने आणि डांबराच्या स्वभावाने. थंडाव्याचा यात कुठे संबंध नव्हता.

लेस्लीचा डबा

मग थंडाव्याची गोष्ट आली कुठून? तिलाही आधार आहे, आणि तो मोटारसायकलपेक्षा जुना आहे.

१८०४ साली जॉन लेस्ली या स्कॉटिश संशोधकाने उष्णतेवरचं आपलं पुस्तक छापलं. त्यातला प्रयोग साधा आहे. पत्र्याचा चौकोनी डबा घ्यायचा. त्याची एक बाजू घासून लखलखीत ठेवायची, एकीवर काजळी धरायची, एकीवर कागद चिकटवायचा. मग डब्यात गरम पाणी ओतायचं. आत पाणी एकच, म्हणजे सगळ्या बाजू सारख्याच तापलेल्या. तरीही काजळीच्या बाजूने सर्वांत जास्त उष्णता बाहेर फेकली जाते आणि लखलखीत बाजूने अगदी थोडी. म्हणजे मेकॅनिकचं म्हणणं पोकळ नाही. जो पृष्ठभाग उष्णता चांगली शोषतो, तोच ती चांगली बाहेरही टाकतो. काळा शर्ट आणि काळं इंजिन यांत विरोध नाही. फक्त शर्ट बाहेरून तापतो आणि इंजिन आतून.

पण याच प्रयोगातला दुसरा निष्कर्ष गॅरेजपर्यंत पोचलेला नाही. पांढऱ्या कागदाची बाजू काजळीच्या जवळपास बरोबरीनेच उष्णता फेकत होती. आपल्या डोळ्यांना पांढरा आणि काळा यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पण शंभर-दोनशे अंश तापलेली वस्तू जी उष्णता फेकते, ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांमध्ये असते. त्या किरणांच्या लेखी पांढरा, काळा, हिरवा असे बहुतेक रंग सारखेच. खरा फरक आहे तो रंगवलेली वस्तू आणि उघडा, चकचकीत धातू यांच्यात. अ‍ॅल्युमिनियमची भुकटी घातलेला चंदेरी रंग या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो, कारण तोही थोडासा धातूसारखाच वागतो.

आता हे बुलेटच्या ब्लॉकला लावून बघू. तो ओतीव लोखंडाचा आहे, खडबडीत आहे, आरशासारखा नाही. असं लोखंड रंग न लावताही उष्णता चांगलीच फेकतं, आणि गंजलेलं तर आणखी चांगली. म्हणजे लोखंडी ब्लॉकला काळा रंग लावून थंडाव्यात फारशी भर पडत नाही. जिथे भर पडली असती ती जागा म्हणजे चकचकीत पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम. आणि तिथे तर कोणी रंग लावतच नव्हतं, कारण शोरूममध्ये गाडी विकायची ती त्या चकाकीवर.

वाऱ्याचं शास्त्र

हवेने गार होणाऱ्या इंजिनाचा खरा अभ्यास मोटारसायकलवाल्यांनी केला नाही. तो विमानवाल्यांनी केला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत प्राध्यापक ए. एच. गिब्सन आणि सॅम हेरॉन यांनी सिलिंडरवर पद्धतशीर प्रयोग केले: फिन किती लांब हवी, किती जाड, दोन फिन्समध्ये किती जागा, हेड कुठल्या धातूचं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड लोखंडापेक्षा कितीतरी चांगलं, हे या कामातून पक्कं झालं. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूतून उष्णता ओतीव लोखंडाच्या सुमारे तिप्पट सहजतेने वाहते, आणि वजन निम्म्याहूनही कमी. हेरॉन पुढे अमेरिकेत गेला. १९२७ साली लिंडबर्गने अटलांटिक पार केला तो राइट व्हर्लविंड या हवेने गार होणाऱ्या इंजिनावर. साडेतेहतीस तास ते इंजिन न थांबता चाललं. ना पाणी, ना रेडिएटर.

१९३४ साली अमेरिकेच्या 'नाका' या सरकारी विमान-संशोधन संस्थेत (आजच्या 'नासा'ची पूर्वज) बिअरमन आणि पिंकेल यांनी फिन्स असलेल्या सिलिंडरवर वारा सोडून मोजमापं घेतली. या सगळ्या कामाचा विषय पाहा: वाऱ्याचा वेग, फिन्समधली फट, फिनची लांबी, धातू. रंग या नाटकात फार तर मागे उभा असलेला भालदार.

का, ते मी ढोबळ हिशोबाने तपासलं. ब्लॉक १५० अंशांवर आहे आणि हवा ३० अंशांवर, असं धरू. उत्तम रंगवलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे १,२०० वॅट उष्णता किरणांवाटे फेकेल. पण फिन्स एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. एकीने फेकलेली उष्णता शेजारणीवर पडते. त्यामुळे किरणांसाठी उपयोगी पडतो तो फक्त बाहेरचा घेर, आणि बुलेटच्या ब्लॉक-हेडचा घेर चौरस मीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. म्हणजे शंभर-सव्वाशे वॅट. इंजिनाला मात्र चालत्या गाडीत काही हजार वॅट बाहेर टाकायचे असतात. ते नेतो वारा, आणि वाऱ्याला प्रत्येक फिनची प्रत्येक बाजू उपलब्ध असते. अर्थात, त्याला आत शिरायला जागा असेल तर.

चंदेरी सोंग, काळी सावली

दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅल्युमिनियम मोटारसायकलमध्ये हळूहळू उतरलं. हार्लेने १९४८ साली पॅनहेड इंजिनाला अ‍ॅल्युमिनियमची हेड दिली, पण ब्लॉक लोखंडीच ठेवले. ते बदलायला १९८४ चं इव्होल्यूशन इंजिन उजाडलं. रॉयल एनफिल्डच्या १९४९ च्या बुलेटलाही हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक लोखंडी. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि तीच रचना आपल्याकडे अर्धशतकाहून जास्त टिकली. जुन्या बुलेटकडे नीट पाहिलंत तर कळेल: खालची कव्हरं चकचकीत, वरचं हेड राखाडी आणि मधला ब्लॉक तेवढा काळा. हा डिझायनरचा शौक नाही. लोखंड कुठे आहे ते रंग सांगतोय.

अ‍ॅल्युमिनियम महाग आणि मानाचं झालं, तशी सोंगंही आली. त्या काळच्या काही ब्रिटिश गाड्यांचे लोखंडी ब्लॉक चंदेरी रंगवले जायचे, लांबून अ‍ॅल्युमिनियम वाटावेत म्हणून. लेस्लीच्या डब्याने पाहिलं तर हा उलटा कारभार. लोखंड स्वतः उष्णता बरी फेकत होतं, चंदेरी रंगाने ती थोडी अडवली.

आणि बरोबर उलट दिशेने गेली व्हिन्सेंट. १९४८ साली इंग्लंडमधल्या स्टीव्हनेज गावात तयार झालेल्या 'ब्लॅक शॅडो'चं अख्खं अ‍ॅल्युमिनियम इंजिन काळं होतं. अ‍ॅल्युमिनियमवर रंग सहज धरत नाही. म्हणून आधी रासायनिक प्रक्रिया, मग काळं इनॅमल आणि मग भट्टी. ताशी १२५ मैल, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर वेगाची ही गाडी त्या काळी रस्त्यावरची सर्वांत वेगवान मोटारसायकल म्हणून गाजली. काळ्या लेपामुळे तिचं इंजिन गार राहतं असं आजही सांगितलं जातं. ते शास्त्राला धरून आहे, पण त्या वेगाला वाऱ्यापुढे लेपाची काय मातब्बरी? तिचा काळा रंग लोकांच्या मनात बसला तो धाकाने. आज शोरूममध्ये दिसणारी बहुतेक काळी इंजिनं अ‍ॅल्युमिनियमची आहेत. त्यांना डांबराची गरज नाही, गंजाची भीती नाही. ती सगळी या सावलीची नातवंडं.

डब्यातला रंग

घरच्या घरी इंजिन रंगवणं शक्य झालं ते दोन शोधांमुळे. पहिला सिलिकोन. साधा ऑइल पेंट दीड-दोनशे अंशांवर पिवळा पडतो, तडकतो, जळतो, कारण त्याचा कणा कार्बनचा असतो. सिलिकोनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा, म्हणजे वाळू आणि काच ज्यातून बनते त्याच जोडीचा. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंगने आयुष्यभर या पदार्थांवर काम केलं, पण व्यवहारात त्यांचा काही उपयोग होईल असं त्याला वाटत नव्हतं. १९४३ साली अमेरिकेत डाऊ कॉर्निंग कंपनी उभी राहिली ती याच पदार्थांवर. सुरुवातीचा मोठा उपयोग लढाऊ विमानांच्या इग्निशनमध्ये झाला. आज दुकानात 'हीटप्रूफ' म्हणून मिळणारा रंग बहुधा याच कुळातला असतो. त्याची खोड अशी की नुसता वाळून तो पक्का होत नाही. त्याला भाजावं लागतं.

दुसरा शोध स्प्रे कॅन. १९४९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एड सिमोर या रंगविक्रेत्याने पहिला स्प्रे पेंट बनवला. त्याला आपला अ‍ॅल्युमिनियम पेंट गिऱ्हाइकांना दाखवायचा होता, आणि डब्यातून फवारायची युक्ती त्याच्या बायकोने सुचवली. हा पेंट होता घरातल्या रेडिएटरसाठी. थंड देशांत खोली गरम ठेवायला भिंतीलगत वाफेच्या लोखंडी नळ्यांची चळत असते, तो रेडिएटर. गंमत म्हणजे अशा रेडिएटरला चंदेरी रंग दिला की खोलीला उष्णता कमी मिळते, हे अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेने त्याआधीच सांगून ठेवलं होतं. लोकांनी ऐकलं नाही. चंदेरी छान दिसायचं.

मामाचा ब्लॉक

एवढं वाचून झाल्यावर मी ब्लॉक हातात घेतला. गाडी मामाच्या पडवीत उभी होती. टाकी आणि एक्झॉस्ट काढलं, कार्ब्युरेटरचं आणि प्लगचं तोंड चिंध्या कोंबून आणि मास्किंग टेप लावून बंद केलं. मग बॅटरी मारून फिन्सच्या आत पाहिलं.

आत फिन्स दिसतच नव्हत्या. बाहेरच्या कडा तेवढ्या दिसत होत्या. हेडच्या सांध्यातून वर्षानुवर्षं झिरपलेलं तेल, त्यावर शेतरस्त्याची माती, त्यावर पुन्हा तेल. भाजून भाजून त्याचं जवळजवळ डांबर झालं होतं. मागच्या बाजूच्या फटी, जिथे वारा आधीच कमी पोचतो, तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोकही जात नव्हतं. द दिओंपासून नाकापर्यंत ज्या एका गोष्टीसाठी इतकं डोकं खपवलं गेलं, ती दोन फिन्समधली फट इथे बुजलेली होती.

रंगाचं काम एका संध्याकाळचं होतं. घासायला तीन दिवस लागले. रॉकेल लावून रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी बांबूच्या कामटीने उकरायचं, मग तारेचा ब्रश, मग साबणाचं पाणी. तिसऱ्या दिवशी जुने थर दिसायला लागले. सर्वांत वर चंदेरी. मामाला आठवलं, धाकट्या मावशीच्या लग्नात गाडी सजवताना कोणीतरी मारला होता. त्याखाली काळा, ब्रशचे फराटे उठलेला. आणि फिन्सच्या मुळाशी, जिथे कोणाचा ब्रश पोचला नव्हता, तिथे आणखी एक काळा थर, पातळ आणि एकसारखा. तो बहुधा मद्रासचा. तीन थरांत एका गाडीचं आयुष्य होतं: कारखान्याने गंजासाठी रंगवलं, मधे कोणीतरी डागडुजी केली आणि मग लग्नासाठी मिरवलं.

मामाने थर पाहिले आणि म्हणाला, "चंदेरी मारल्यापासनंच तापायला लागली बघ." मला तसं वाटत नाही. चंदेरी रंगाने फरक पडला असेल तर तो थोड्या वॅटचा. पण तो मारणाऱ्याने आधी घासलं नव्हतं, हे थरांखालच्या मातीवरून स्पष्ट दिसत होतं.

पुढचं काम सरळ होतं. पॉलिश पेपरने गंज काढला, थिनरने पुसलं, हात न लावता वाळू दिलं. हीटप्रूफ काळ्याचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हातामध्ये पंधरा-वीस मिनिटं. पातळ यासाठी की जाड थर फिन्सच्या मुळाशी साचतो आणि तापल्यावर फुगतो. पातळ रंगाने उष्णता अडते का, याचाही हिशोब केला. सगळे हात मिळून रंग भरतो मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा. त्याने चालत्या गाडीच्या थंडाव्यात शंभरातला एखाद-दुसरा भाग कमी होत असेल. दोन मिलिमीटर तेलकट मातीपुढे हे काहीच नाही. हेड आणि कव्हरं तशीच ठेवली. काळं फक्त लोखंड.

भाजायला घरातला ओव्हन वापरायचा नाही. त्यात पुन्हा कधी केक करता येणार नाही. गाडीच भट्टी असते. दुसऱ्या दिवशी अंगणात, उघड्यावर, इंजिन दहा मिनिटं चालवलं आणि पूर्ण निवू दिलं. मग वीस मिनिटं. मग गावाबाहेर एक फेरी. पहिल्यांदा धूर आणि उग्र वास येतो, तेव्हा जवळ उभं राहू नये. तिसऱ्या फेरीनंतर रंगावर नख उमटेनासं झालं.

या पावसाळ्यात मामा करूळ घाट चार वेळा चढून आला. गाडी सीझ झाली नाही. चार फेऱ्या म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. पण गाडी विकायचा विषय घरात बंद झाला आहे. मामा सगळ्यांना सांगतो, "काळा मारला, गार झाली." गावात आता आणखी दोन जण इंजिन काळं करायच्या विचारात आहेत.

मी त्यांना थांबवत नाही. एवढंच सांगतो की आधी घासा. कारण मला आता वाटतं, गॅरेजमधलं ते वाक्य इतकी वर्षं टिकलं त्याचं कारण हेच असावं. नीट रंग धरायला हवा तर आधी नीट घासावं लागतं. फिन्स मोकळ्या होतात, वारा आत शिरतो, इंजिन गार राहतं आणि श्रेय रंगाला मिळतं. ज्याने न घासता रंग मारला, त्याचं इंजिन तापतच राहतं, पण त्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

कास्ट आयर्न बुलेटचं उत्पादन २०१० च्या आसपास थांबलं. पण आपल्या रस्त्यांवरच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक मोटारसायकली अजूनही वाऱ्यावरच गार होतात. तुमचीही त्यातली असेल तर रंग कुठला, हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी मोबाइलची बॅटरी लावून फिन्सच्या आत, मागच्या बाजूला बघा. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.